सुईणपणाची स्वतंत्र पदवी महाराष्ट्रात का नसावी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परिचर्या (नर्सिंग) महाविद्यालयांमध्ये प्रसूती परिचर्या हा विषय 28 वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. बारावीचा निकाल लागला की ओळखीची माणसे मुलींना घेऊन सल्ल्यासाठी येतात. यंदा पाटण तालुक्यातील एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. जीवशास्त्रात तिला उत्तम गुण होते आणि काय शिकायचे हे तिने आधीच ठरवले होते. तिने मला विचारले, "मॅडम, मला वॉर्डातली नर्स व्हायचं नाहीये. बाळंतपणं करायला शिकायचंय. फक्त त्याचीच डिग्री कुठं मिळते?" अशी पदवी महाराष्ट्रात नाही, आधी नर्स व्हावे लागेल, हे खरे उत्तर मी तिला दिले. तिने बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरला. परंतु तिला जे उत्तर मिळाले त्याहून चांगले उत्तर देणे शासनाला आणि विद्यापीठाला शक्य आहे, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे सुईणपण हा परिचर्येचा एक भाग मानला जातो. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम 4 वर्षांचा, म्हणजे 8 सत्रांचा आहे आणि त्यात प्रसूतिशास्त्र मुख्यतः सहाव्या आणि सातव्या सत्रात येते. उत्तीर्ण झालेल्या मुलीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते ती 'नर्स' आणि 'मिडवाइफ' अशी दुहेरी. त्यामुळे कागदावर पाहिले तर राज्यात प्रसाविकांची, म्हणजे शिकलेल्या सुईणींची, वाण नाही. प्रत्यक्षात मात्र यातील बहुसंख्य मुलींनी स्वतःच्या हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली बाळंतपणे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मी विद्यार्थिनी असताना लॉगबुकात 20 बाळंतपणांची नोंद करावी लागे. आम्ही 40 मुली होतो, प्रसूतीकक्षात तीन टेबले होती आणि त्याच टेबलांभोवती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही उभे असत. एका बाईच्या बाळंतपणात एक मुलगी डोके सांभाळी, दुसरी नाळ कापी, तिसरी बाळाला पुसून गुंडाळून घेई, चौथी वार (बाळामागून बाहेर येणारी नाळेची गादी) तपासायला पुढे होई आणि रात्री वसतिगृहात चौघींच्याही लॉगबुकात 'बाळंतपण केले' अशी नोंद होई. पुढे शिक्षिका म्हणून मी स्वतः अशा नोंदींवर सह्या केल्या आहेत, हे मला लपवायचे नाही. सही केली नाही तर मुलीला परीक्षेला बसता येत नव्हते आणि तिला करू देण्याइतकी बाळंतपणे आमच्या वाट्याला येत नव्हती. दोष त्या मुलींचा नव्हता. औषधशास्त्र, शल्यक्रिया, बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा सगळ्या विषयांना पुरे पडायचे असते, तेव्हा सुईणपणाच्या वाट्याला यापेक्षा अधिक वेळ येणे कठीणच असते.

बाळंतपण करणे म्हणजे बाळ हातांत झेलणे, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. खरे काम त्याच्या कितीतरी तास आधी सुरू होते. कळा देणाऱ्या बाईजवळ सहा, आठ, प्रसंगी बारा तास बसून राहणे, पोटावर हात ठेवून कळेचा जोर आणि दोन कळांमधील अंतर जोखणे, कळ ओसरताच बाळाचे ठोके ऐकणे, गर्भपिशवीचे तोंड किती उघडले ते ठरावीक अंतराने पाहून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती दाखवणाऱ्या तक्त्यावर, मांडणे आणि या सगळ्यावरून 'हिला अजून वेळ द्यायला हरकत नाही' की 'हिला आत्ताच मोठ्या रुग्णालयात हलवले पाहिजे' हे ठरवणे, यात सुईणीची विद्या असते. बाळ बाहेर आल्यावर तर क्षणाक्षणाला महत्त्व येते. लगेच गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिन या औषधाची 10 युनिटे द्यायची, वार पूर्ण आली की एखादा तुकडा आत राहिला हे उजेडात धरून पाहायचे आणि गर्भाशय आवळून घट्ट झाले का, हे पोटावरून हाताने चाचपायचे. ते मऊ लागले तर चोळणे, मूत्राशय रिकामे करणे, शिरेतून औषध सुरू करणे आणि मदतीसाठी हाक देणे ही सगळी कामे पहिल्या काही मिनिटांतच व्हावी लागतात, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. घट्ट आणि मऊ यांतला फरक पुस्तकातून कळत नाही. तो हाताला कळावा लागतो आणि त्यासाठी तो हात पुन्हा पुन्हा त्याच कामावर पडावा लागतो.

आमच्या व्यवस्थेत नेमके हेच होत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका शासकीय रुग्णालयात मी विद्यार्थिनींना घेऊन जात असे. तेथील एका सिस्टरने प्रसूतीकक्षात 19 वर्षे काढली होती. बाई दारातून आत आली की तिच्या चालण्यावरून आणि श्वासावरून ती किती पुढे गेली आहे याचा अंदाज त्या बांधत आणि तो सहसा चुकत नसे. पायाळू बाळ पोटावरच्या हाताला कसे लागते, हे माझ्या मुलींना मी वर्गात समजावून सांगत असे खरे, पण ते त्यांना खऱ्या अर्थाने समजले त्या सिस्टरांच्या शेजारी उभे राहून. एका वर्षी आम्ही गेलो तर त्या तेथे नव्हत्या. पाळीनुसार त्यांची बदली नेत्रविभागात झाली होती आणि त्यांच्या जागी हाडांच्या वॉर्डातून आलेली एक तरुण परिचारिका उभी होती. तिने शेवटचे बाळंतपण शिकत असताना पाहिले होते. तीही कष्टाळू होती आणि ती घाबरली होती. नर्स म्हणजे कोणत्याही वॉर्डात चालणारी व्यक्ती, या समजुतीतून हे घडते. सुईणपणाची पदवी वेगळी असती, नोंदणी वेगळी असती आणि पद वेगळे असते, तर 19 वर्षांचा तो हात कोणालाही असा काढून नेता आला नसता.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला आहे? ब्रिटनमध्ये मिडवाइफ होण्यासाठी आज पदवीच लागते. ती बहुधा 3 वर्षांची असते, तिच्यात 4600 तासांचे शिक्षण असते आणि त्यातील जवळपास निम्मा काळ प्रत्यक्ष कामात जातो. युरोपीय संघाच्या नियमानुसार विद्यार्थिनीने गरोदर स्त्रियांच्या 100 तपासण्या आणि स्वतः केलेली किमान 40 बाळंतपणे पूर्ण करायची असतात. ऑस्ट्रेलियातील पद्धत मला विशेष भावते. तेथे विद्यार्थिनीला किमान 10 स्त्रियांबरोबर गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या दिवसांपर्यंत राहावे लागते, म्हणजे तिच्यासमोर टेबलावरची एक 'केस' नसते, तर नावाने ओळखीची झालेली बाई असते. न्यूझीलंडने 1990 मध्ये कायदा बदलून मिडवाइफला स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपण करण्याचा अधिकार दिला. श्रीमंत देशांचे दाखले आपल्याला नकोत असे कोणी म्हणेल, तर शेजारच्या बांगलादेशाकडे पाहावे. त्या देशाने 2010 मध्ये 3000 मिडवाइफ घडवण्याचा शब्द दिला आणि त्यासाठी नर्स न होता थेट प्रवेश देणारा 3 वर्षांचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम उभा केला.

भारतातही हालचाल झालेली आहे. तेलंगणाने 2017 मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशन आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने 30 परिचारिकांना 18 महिन्यांचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. केंद्र शासनाने डिसेंबर 2018 मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि परिचारिकांसाठी 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा 18 महिन्यांचा अभ्यासक्रम पुढे आणला. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 मध्ये संसदेने जो कायदा संमत केला, त्याच्या नावातच परिचर्येबरोबर मिडवाइफरी हा शब्द आहे. हे सगळे स्वागतार्ह आहे. पण जिला सुरुवातीपासून सुईणच व्हायचे आहे, तिने चार वर्षे परिचर्या शिकावी, नोकरी करावी आणि मग पुन्हा दीड वर्ष शिकावे, हा वळसा तिने का घ्यावा? पाटणसारख्या तालुक्यातील शेतकरी बापाला तो परवडतही नाही.

महाराष्ट्राला याची गरज काय, असेही विचारले जाते, कारण आपली आकडेवारी चांगली आहे. 2018-20 या काळात राज्याचे मातामृत्यूचे प्रमाण 1 लाख जिवंत जन्मांमागे 33 होते आणि देशाचे 97. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे 95 टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात. या यशात आमच्या परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा वाटा मोठा आहे आणि तो मला अभिमानाने सांगावासा वाटतो. मात्र त्याच पाहणीत सिझेरियनचे प्रमाण 25.4 टक्के आहे आणि त्याआधीच्या पाहणीत ते 20.1 टक्के होते. याचे खापर केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांवर फोडणे अन्यायाचे होईल. ज्या डॉक्टरांकडे एकाच वेळी बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया आणि प्रसूतीकक्ष असतो, त्यांना एका बाईजवळ दहा तास थांबता येत नाही. थांबणारे माणूस वेगळे असावे लागते. 15 चाचण्यांमधील 17,674 स्त्रियांच्या अनुभवावर आधारलेल्या 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) असे दिसले की गरोदरपणापासून एकाच मिडवाइफ गटाची साथ मिळालेल्या स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांची आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून करावी लागणारी बाळंतपणे कमी होती. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र त्या आढाव्याला स्पष्ट फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण मिडवाइफ आल्या की सिझेरियन आपोआप घटतील असे आश्वासन मला द्यायचे नाही. बाईला वेळ मिळेल, तिच्याशी नीट बोलले जाईल, तिला उताणे झोपवून पाय बांधून ठेवण्याऐवजी उठू-बसू दिले जाईल आणि धोक्याची खूण वेळेवर ओळखली जाईल, एवढे मात्र मी अनुभवाने सांगू शकते.

काही स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांना अशी भीती वाटते की पदवीधर सुईणी अवघड बाळंतपणेही अंगावर घेतील. मला वाटते, धोका याच्या उलट आहे. अर्धवट शिकलेल्यालाच आपली सीमा कळत नाही. ज्या मुलीने 40 सरळ बाळंतपणे स्वतः केली आहेत, तिला एकेचाळिसावे सरळ जात नाही हे लवकर उमगते. पदविका न देता पदवीच का द्यावी, याचेही कारण येथेच आहे. या मुलीला डॉक्टरांशी बरोबरीने बोलता आले पाहिजे, संशोधन वाचता आले पाहिजे, आपल्या निर्णयाची कायदेशीर जबाबदारी घेता आली पाहिजे आणि पुढे त्याच विषयात शिकून शिक्षिका होता आले पाहिजे.

तरीही ही पदवी उद्याच सुरू करा, असे मी म्हणणार नाही. परिचर्येच्या शिक्षणाचे जे झाले ते मी जवळून पाहिले आहे. दोन खोल्या भाड्याने घेऊन उघडलेली महाविद्यालये, केवळ कागदोपत्री जोडलेली रुग्णालये आणि तपासणीच्या दिवशी आणून बसवलेले शिक्षक मला ठाऊक आहेत. सुईणपणाच्या पदवीचे तसे झाले तर न केलेलेच बरे. म्हणून आधी शासनाने प्रसाविकेचे स्वतंत्र पद निर्माण करावे, तिची बदली झाली तरी ती प्रसूतीकक्षातूनच प्रसूतीकक्षात व्हावी आणि तिची वेतनश्रेणी परिचारिकेपेक्षा कमी नसावी. त्यानंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदवी सुरू करावी, तीही पहिली काही वर्षे फक्त अशा शासकीय किंवा महापालिकांच्या संस्थांमध्ये, जेथे रोज पुरेशी बाळंतपणे होतात. प्रवेशाच्या जागा इमारतीतील बाके मोजून ठरवू नयेत, त्या रुग्णालयातील बाळंतपणांच्या संख्येवरून ठरवाव्यात. शिकवण्यासाठी 18 महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि प्रसूतीकक्षात आयुष्य घालवलेल्या सिस्टर यांना सन्मानाने बोलवावे. त्यांच्यापैकी अनेकींकडे पदव्युत्तर पदवी नसेल. नियमात तेवढी वाट ठेवावी, कारण तशा सिस्टरांकडून जे शिकायला मिळते ते मला माझ्या पदव्युत्तर वर्गात शिकायला मिळाले नव्हते.

आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये पेन्सिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता, याची येथे आठवण होते. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या मराठी मुलीला हे ज्ञान शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला.

पदवीला वेळ लागेल, हे मला समजते. पण एक गोष्ट विद्यापीठाला आणि परिषदेला एका परिपत्रकाने करता येण्यासारखी आहे. एका बाळंतपणाची नोंद 'स्वतः केले' म्हणून एकाच विद्यार्थिनीच्या लॉगबुकात व्हावी आणि इतरांची 'साहाय्य केले' किंवा 'पाहिले' अशी व्हावी. आकडा कमी भरला तर कमी भरू द्यावा आणि उरलेली बाळंतपणे आंतरवासितेच्या काळात पूर्ण करून घ्यावीत. पाटणची ती मुलगी यंदा पहिल्या सत्रात आहे. सहाव्या सत्रात तिच्या हाती ते लॉगबुक पडायला अजून अडीच वर्षे आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका,
सातारा