पाठचा भाऊ

आचरा, ता. मालवण
22 मे 2026

प्रिय शकू,

आजीला कळलं. मी शिकतेय ते जपानी नाही, चिनी, हे कळलं.

पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ती यासाठी. तू रागावली असशील तर तो राग भेटल्यावर काढ, आधी हे वाच. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच, बाबांची साखर ताब्यात.

सांगितलं शेजारच्या बंड्याने. शिष्यवृत्तीचं पत्र आल्याचं त्याला आईकडून समजलं होतं. आजी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती, तिथे जाऊन म्हणाला, "आजये, तुजी नात चीनाक चल्ली." आजीने सूप खाली ठेवलं आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पानात वाढायची, माशाचा मधला तुकडा मलाच घालायची, पण शब्द नाही.

ती युक्ती तुझी होती, आठवतं ना? "जपानी सांग, तिला काय फरक कळणार," असं तू एसटीत म्हणालीस आणि त्यावरून आपण कणकवलीपर्यंत भांडलो. शेवटी सांगितलं मीच आणि पाच वर्षं निभावलंही मीच, म्हणून तुला दोष देत नाही. पहिल्या दिवाळीला तिने विचारलं होतं, "जपानीत च्याक काय म्हणतत गो?" मी म्हटलं, "चा." जपानीतही चा, चिनीतही चा! तेवढं एक उत्तर मी तिला खरं दिलं होतं. तू फोनवर हसून हसून खोकायला लागली होतीस.

तिसऱ्या रात्री वीज गेली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. "जपानी म्हणान सांगलास माका?" एवढंच म्हणाली. मला रडू आलं. बाबा मदतीला धावले. डॉक्टर कोटणीस आपल्या सोलापूरचे, 1938 साली तिकडच्या जखमींसाठी गेले, तिथले लोक अजून त्यांचं नाव काढतात, असं सगळं सांगू लागले. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आनि तोय परत इलो नाय."

बाबा गप्पच झाले. 9 डिसेंबर 1942, वय 32. शकू, ही तारीख मी परीक्षेत कितीदा लिहिली असेल. पण त्यांच्या घरी कोणी बहीण असेल, ती वाट बघत असेल, हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. आजीला पत्र लिहायचंय. चिनीत. "जेनी तेका बगल्यान असात, तेका." नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, तिचा भाऊ चीनच्या लढाईत बेपत्ता झाला, तार आली, पुढे काहीच नाही, एवढं तुला ठाऊकच आहे. लढाई 20 ऑक्टोबर 1962 ला सुरू झाली, 21 नोव्हेंबरला थांबली आणि भाऊबीज नेमकी त्या महिन्यात आली. आपल्या घरी भाऊबीजेला आजी मागच्या पडवीत का बसते, हे आपण लहानपणी विचारायचो, आणि आई आपल्याला खाजा देऊन बाहेर पाठवायची.

पहिली ओळ सोपी गेली. आजी कोणालाही भेटली की जे विचारते तेच तिने सांगितलं, "जेवलात काय?" जुनी चिनी माणसंही असंच विचारतात, "छ्र फान ल मा?" मला काही शोधावं लागलं नाही. मी ते मोठ्याने वाचलं तर आजीने मान डोलावली, जणू तिला कळलंच.

दुसरी ओळ होती, "माजो भाव तुमच्याकडे इल्लो." इथे माझा हात थांबला. चिनीत नुसता भाऊ म्हणता येत नाही. मोठा असेल तर कऽकऽ, धाकटा असेल तर तीति. मी विचारलं, "आजी, तो तुझ्यापेक्षा मोठा ना?" भिंतीवरच्या फोटोत केवढा मोठा दिसतो तो, गणवेशात, मिशी राखलेला. आपण सगळे तेच धरून चाललो होतो. बाबासुद्धा.

"माज्या पाठचो तो," आजी म्हणाली. "आवस गेली तेवा मिया तेका खांद्यार घेवन वाडवलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. चौसष्ट वर्षं हे कोणी विचारलंच नव्हतं, शकू. मी तीति लिहिलं.

आणि मग "इल्लो". चार दिवस मी याच शब्दावर बसलेय. चिनी क्रियापदाला आपल्यासारखे काळ नाहीत, पुढे एक छोटा शब्द लागतो. "लाय ल" म्हटलं तर तो आला, आणि अजून तिथेच आहे असं निघतं. "लाय क्वो" म्हटलं तर येऊन गेला, आता तिथे नाही. दोन्ही वाक्यं मी पहिल्या वर्षी घोकली आहेत, शांतिनिकेतनच्या चीना भवनातल्या बाकावर बसून, आणि मला ती नुसती व्याकरणाची गंमत वाटायची. आजीला कसं विचारू? "ल" लिहू की "क्वो"?

पत्र द्यायचं कोणाला, हेही मला माहीत नाही. सप्टेंबरात निघायचंय. चीनची थेट विमानं 2020 पासून बंद होती, ती गेल्या ऑक्टोबरात कोलकात्याहून ग्वांगचौला सुरू झाली, म्हणजे जाणं आता सोपं आहे. पण जाऊ की नको? आजी जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. काल फक्त विचारलं, तिकडे मेलेल्यांना जेवण ठेवतात का. मी छिंगमिंगचं सांगितलं, एप्रिलच्या सुरुवातीला घरचे सगळे थडग्यांवर जातात, गवत काढतात, खायचं ठेवतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जेंका कोन नाय, तेंचा गवत कोन काडता?"

तुझ्या साखरपुड्याचे फोटो पाहिले, हिरवा शालू छान दिसतोय. नवं ऑफिस कसं आहे? रत्नागिरीत खोली मिळाली का? सविस्तर लिही, मी या वेळी उत्तर देईन.

पण त्याआधी रविवारी ये. आजी तुझ्यावरही रागावली आहे, "ती शकू खंय आसा?" असं दोनदा विचारून झालंय. तुझ्यासाठी ओले काजूगर फ्रिजमध्ये ठेवलेत, कोणाला हात लावू देत नाही. तू तिच्याशी बोल. "इल्लो" म्हणजे तिला काय म्हणायचंय, ते तू विचारलंस तर ती सांगेल. माझ्याच्याने विचारवत नाही.

तुझी,
मनू