तारखेची जागा मोकळी ठेवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

वरची ओळ तीनदा तपासली आहे. डिसेंबरात तुमच्या छापखान्यात बसून पत्रिकेसोबतच्या चिठ्ठ्या लिहिताना मी सगळ्यांना सरसकट 'स. न. वि. वि.' करत सुटले होते. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "आज्ज्याला सप्रेम व्हय गं? वडीलधाऱ्याला साष्टांग." चाळीस चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागल्या. हात दुखला, पण चूक माझी होती.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे माहीत आहे. वहिनी वाचून दाखवतील. हे पत्र असं चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की लग्नानंतर दोनदा आभार मानायला आले आणि दोन्ही वेळा तुम्ही "च्या घे आधी" म्हणून विषय बदललात. आता बदलून दाखवा.

नोव्हेंबरात मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती फोनमध्ये सतरा फोटो घेऊन. आम्हाला 'व्हिंटेज' लग्न करायचं होतं. शहरातच, मोजक्या माणसांत, नोंदणी पद्धतीने, आणि सगळं जुन्या काळातलं दिसेल असं. एका डेकोरेटरने पॅकेज दिलं होतं. त्यात ग्रामोफोन होता (वाजणारा नाही, दिसणारा), चामड्याच्या रंगाच्या थर्माकोलच्या पेट्या, फुलांची टोपली लावलेली सायकल, लेसच्या छत्र्या आणि मागे पिवळट पडदा. पैसे इतके होते की बाबांनी आकडा ऐकून पुन्हा विचारला, हे भाड्याचे की विकतचे? मला तशीच पत्रिका हवी होती, जुनाट कागद, कोपरे जळाल्यासारखे. तुम्ही फोन हातात घेतलात, डोळ्यांपासून लांब धरलात आणि विचारलंत, "हे कुणाचं हाय?"

मला वाटलं, डिझाइन कुणाचं असं विचारताय. नाव सांगायला लागले. तर तुम्ही म्हणालात, "तसं न्हवं. ही सायकल कुणाची? तुझ्या आज्ज्याची? त्याच्याकडं होती का सायकल?"

नव्हती. माझे आजोबा मिलमध्ये होते. घरून मिलपर्यंत चालत जायचे, भोंगा झाला की निघायचे. सायकल घ्यायची त्यांच्या मनात फार होती, पण घेतली ती माझ्या काकाच्या कॉलेजसाठी, आणि ती चोरीला गेली. हे सगळं मी तुम्हाला तिथेच उभी राहून सांगितलं, आणि सांगता सांगता लक्षात आलं की त्या सतरा फोटोंत आमचं असं काहीच नाही. त्या संध्याकाळी आम्ही पॅकेजला नाही म्हणालो. आगाऊ दिलेले पाच हजार गेले ते गेलेच.

पुढचे अडीच महिने आम्ही दोघं प्रत्येक गोष्टीला तुमचाच प्रश्न लावत होतो. हे कुणाचं? उत्तर आलं नाही की वस्तू यादीतून बाहेर. सोपं वाटतं, पण करून बघा म्हणावं! आईने माळ्यावरची ट्रंक काढली, त्यात आजीची इरकल निघाली. टोपपदराचा लाल जरा विटलेला, काठाला एके ठिकाणी रफू. मला ती नवी करून घ्यायची होती. आई म्हणाली, रफू आजीच्या हातचं आहे, ते राहू दे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरी तर खजिनाच होता. ताता, म्हणजे त्याचे आजोबा, आयुष्यभर चादरीच्या मागावर. जॅकार्डला लागणारे भोकं पाडलेले पुठ्ठे, ज्यांच्यावरून चादरीत नक्षी उतरते, त्यांची एक अख्खी माळ त्यांनी माग विकल्यावरही पोत्यात बांधून ठेवली होती. जोसेफ मारी जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमाराला काढलेली ही युक्ती. एक पुठ्ठा म्हणजे विणीची एक ओळ. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. ती माळ आम्ही वाड्याच्या दाराला तोरण म्हणून बांधली. उन्हं कलली तेव्हा चौकातल्या फरशीवर ठिपक्यांची सावली पडली. फोटोग्राफर पोरगा पाहुण्यांना सोडून तिचेच फोटो काढत बसला. ताता मात्र माळेकडे बघून एवढंच म्हणाले, उलटी बांधलीय.

पण पत्रिकेचं सांगायचं राहिलं, आणि मुख्य गोष्ट तीच.

मला वाटलं होतं, पत्रिका आधी छापून मोकळं व्हावं. तुम्ही विचारलंत, नोटीस दिली का? दिली नव्हती. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकाने तरी नोटिशीआधी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. आम्ही दोघेही नोकरीला पुण्यात. म्हणून मी ऑफिसला विनंती करून नोव्हेंबरापासून सोलापुरात, घरूनच काम धरलं. (दुपारी वीज गेली की लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे यायचे, तुमचं ट्रेडल छपाईयंत्र पायाने चालतं म्हणून तुम्ही मला हसायचात.) नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, त्यानंतर तीस दिवस कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. ते दिवस सरल्यावरच लग्न लागतं. आणि उशीर करूनही चालत नाही, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हे तुम्हाला तोंडपाठ होतं, कारण घाईने छापलेल्या आणि मग रद्दीत गेलेल्या पत्रिका तुम्ही पाहिल्या होत्या.

"तारीख सरकारच्या हातात, खिळे माझ्या हातात," असं म्हणून तुम्ही शिशाचे एकेका अक्षराचे खिळे लावून सगळा मजकूर जुळवलात आणि तारखेच्या जागी कोरे खिळे बसवलेत. दीडशे पत्रिका तारखेवाचून छापून दोरीवर वाळत होत्या. तारीख मिळाल्यावर त्याच दीडशे पुन्हा एकेक करून मशिनीवर घातल्यात, फक्त एका ओळीसाठी. दुसऱ्या छपाईचे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत. मी बिल नीट वाचते काका, मी अकाउंट्समध्ये आहे.

मुहूर्ताच्या ओळीवर बाबा अडले होते. मुहूर्तच नाही तर लिहायचं काय? तुम्ही हातातला खिळा खाली न ठेवता म्हणालात, "मुहूर्त : कार्यालयीन वेळेत." बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. बदल्यात त्यांना 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हवं होतं, ते तुम्ही सगळ्यात मोठ्या खिळ्यांत दिलंत.

बाबांचं सांगायला हवं. त्यांच्या डोक्यात 'रजिस्टर लग्न' म्हणजे पळून जाऊन केलेलं लग्न. त्यात फलकावरच्या नोटिशीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो फिरत फिरत लातूरच्या मामांपर्यंत गेला. मामांचा फोन आला तो मयताला येतो तसा. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना दुकानात बसवून तुम्ही काय सांगितलंत ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही, पण जोतीराव फुल्यांचं नाव घेतलंत हे त्यांनी सांगितलं. मी नंतर वाचलं. सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ चं, भटजीवाचून. सरकारी विवाहाचा कायदा त्याच्याही एक वर्ष आधीचा, १८७२ चा. पण त्यात आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैनांची त्यातून सुटका झाली, आणि १९५४ मध्ये ती अट सगळ्यांसाठीच गेली. म्हणजे बाबा ज्याला नवं खूळ म्हणत होते ते आमच्या पणजोबांहून जुनं निघालं. व्हिंटेज म्हणायचं तर हेच की!

त्याच्या घरची अडचण वेगळी. अव्वांना, म्हणजे त्याच्या आजीला, नातसून तेलुगू हवी होती. तुम्ही त्यांना म्हणालात, "आपल्या कोटणीस डॉक्टरनी चीनमधी जाऊन १९४१ ला तिथली बायको केली. तुमचा नातू तर शेजारच्या पेठेतली करलालाय." अव्वा तुमच्यावर रागावल्या. पण दुसऱ्या दिवशी छापखान्यात आल्या, कारण तुम्ही निरोप धाडला होता की तुमच्या वडिलांच्या वेळचे तेलुगू खिळे माळ्यावर आहेत आणि प्रूफ वाचायला माणूस नाही.

ती दुपार मी विसरणार नाही. तुम्हाला तेलुगू वाचता येत नाही, पण खिळ्यावरचं उलटं अक्षर बघून ते पेटीच्या कुठल्या घरातलं हे ओळखता येतं. अव्वांना वाचता येतं, पण उलटं नाही. तुम्ही अक्षर उचलायचात, त्या आरशात धरून बघायच्या. एक अक्षर पेटीत सापडेचना. अव्वांनी थोडा विचार केला आणि तो शब्दच बदलला, ज्यात ते अक्षर येत नाही असा दुसरा सांगितला. पत्रिकेची डावी बाजू मराठी, उजवी तेलुगू. अव्वांनी पन्नास प्रती एकट्यांनी वाटल्या आणि प्रत्येक घरी सांगितलं, हे मी लिहिलंय.

तीस दिवसांच्या मधोमध गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा आली. तुम्ही आम्हा दोघांना अक्षता सोहळ्याला नेलंत. जन्म सोलापुरातला असून मी तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. सातही नंदीध्वज तळ्याकाठी उभे, पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र, आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न. गर्दीत माझा हात धरून तुम्ही कानाशी ओरडलात, "ह्या कट्ट्याचं नाव काय? संमती कट्टा! आधी संमती वाचायची, मग अक्षता. देवालाबी हाय नोटीस." मग "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" झालं आणि लाखभर हातांनी अक्षता टाकल्या. तुमच्या टोपीत अडकलेले ज्वारीचे दाणे घरी जाईपर्यंत तसेच होते. त्या दिवसानंतर फलकावरच्या नोटिशीची मला लाज वाटेनाशी झाली. मामांना मीच उलटा फोन करून तारीख सांगितली.

लग्नाचा दिवस भराभर गेला. बाबांच्या चेतक स्कूटरवर जायचं होतं, ती सुरू होईना. तुम्ही इरकलीतल्या मला बाजूला करून ती उजवीकडे पार आडवी केलीत, सरळ करून किक मारलीत, आणि लागली. कार्यालयात पोचलो तर ताता आधार कार्ड घरी विसरलेले. साक्षीदार तीन लागतात, दोनवर भागत नाही. नवरदेव स्वतः चेतक घेऊन आणायला गेला. तोवर माझी आत्या, ताता आणि तुम्ही असे तिघं साक्षीदार बाकावर ओळीने बसून भाजक्या शेंगा खात होतात. टरफलं तुम्ही धोतराच्या सोग्यात गोळा केलीत.

कायद्यात म्हणायचं वाक्य एकच आहे. मी अमुक, तुला अमुक याला, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. मी घरी आरशासमोर दहा वेळा म्हटलं होतं, तिथे 'कायदेशीर' वर अडखळले. तो तेलुगूत म्हणाला, मग मराठीत म्हणाला. आणि मागून तुमचा हळूच आवाज आला, "दिड्डम." विवाह अधिकारी बाईंनी वर बघितलं. त्या इथल्याच असाव्यात, काही न बोलता हसल्या आणि शिक्का उचलला.

वाड्यातल्या पंगतीचं वेगळं सांगत नाही, तुम्ही होतातच. हुग्गीवर तूप कमी पडलं एवढी एकच तक्रार आली, तीही तुमची. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या शेजारी पुलिहोरा, म्हणजे तेलुगू चिंचभात, आमच्या पानात पहिल्यांदाच आला, आणि मामांनी तीनदा मागून घेतला.

आता उरलं एक. छपाई झाली की मजकूर सोडायचा, खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे, हा तुमच्या धंद्याचा नियम तुम्हीच शिकवलात. तरी आमच्या दोघांच्या नावांच्या ओळी तुम्ही सोडल्या नाहीत. दोऱ्याने बांधून, कागदात गुंडाळून, आहेर म्हणून माझ्या हातात दिल्यात. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' तुम्हीच जुळवलं होतं, हे सोडून देते. पण गेल्या आठवड्यात वहिनी फोनवर बोलता बोलता म्हणाल्या की त्या आकाराचा 'ळ' तुमच्याकडे एकच होता, तो माझ्या आडनावात अडकलाय, आणि आता 'ळ' आला की तुम्ही लहान आकाराचा लावून वेळ मारून नेताय.

काका, असं करू नका. बांधलेल्या ओळी पुण्याला आमच्या कपाटात आहेत. 'ळ' अडेल तेव्हा सांगा. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघते, रात्री घरी पोचते, सकाळी दुकान उघडायच्या आत 'ळ' तुमच्या पेटीत असेल. काम झालं की मात्र परत द्यायचा.

तुमची,
कार्यालयीन वेळेत लग्न झालेली