फराक्क्याचा करार संपतो आहे : केंद्रीय जलशक्ती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

बांगलादेशाशी १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेल्या गंगा पाणीवाटप कराराची मुदत तीस वर्षांची, म्हणजे १२ डिसेंबर २०२६ पर्यंत. तो आपोआप वाढत नाही, दोघांची संमती लागते. आणि त्यानंतर वीसच दिवसांनी, १ जानेवारीला, वाटपाचा हंगाम उभा राहतो.

सूत्र आपल्याला ठाऊक आहेच. ३१ मेपर्यंत दहा-दहा दिवसांचे टप्पे. फराक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याशी, ७०,००० क्युसेकपर्यंत प्रवाह असेल तर निम्मे-निम्मे; ७५,००० पर्यंत बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले आपल्याला; त्यावर गेला तर आपल्याला ४०,००० आणि उरलेले त्यांना. ११ मार्च ते १० मे या ऐन टंचाईत आलटून पालटून एकेकाला ३५,००० ची हमी. पुणेकरांच्या हिशेबात सांगायचे तर अशी एक पाळी म्हणजे सुमारे ३० टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणे भरली तरी साठा २९ च्या आसपासच जातो.

दुखणे आहे ते पायाभूत आकड्यांत. करारासोबतचा तक्ता १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बेतलेला आहे. सरासरीवर बेतलेले वाटप ढोबळमानाने निम्म्या वर्षांत तुटीत जाणारच, शिवाय मधल्या काळात वरच्या अंगाला उपसा वाढला. कृष्णेसाठी बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारांपैकी तीन वर्षे मिळेल इतकेच, २,०६० टीएमसी पाणी वाटले. गंगेसाठीही अलीकडच्या नोंदी घेऊन हाच निकष लावावा.

तक्त्यात २१ ते ३० एप्रिलला ६०,९९२ क्युसेक धरले आहेत : पाळी बांगलादेशाची, त्यांना ३५,०००, आपल्याला २५,९९२. प्रत्यक्षात ५०,००० च आले तर फराक्क्याहून हुगळीत पाणी नेणाऱ्या, ४०,००० क्षमतेच्या आपल्या फीडर कालव्यात १५,००० उरतात. कोलकाता बंदराचा गाळ तेवढ्याने हलत नाही. पाळी आपली असेल तर तेच १५,००० पद्मेत, म्हणजे बांगलादेशातल्या गंगेत, जातात, तिच्यातून फुटणाऱ्या गोराई नदीचे मुख आटते आणि बांगलादेशाच्या नैर्ऋत्येकडील खुलना भागात समुद्राचे खारे पाणी आत सरकते. ५०,००० च्याही खाली गेले तर? करार म्हणतो, दोन्ही सरकारांनी तातडीने बोलावे. बैठकीची तारीख ठरेपर्यंत टप्पा संपलेला असतो! कोणी किती टक्के कपात सोसायची, ते आधीच लिहून ठेवायला हवे.

मोजणीचेही तसेच. फराक्क्याखाली, फीडर कालव्यात, नौकानयन लॉकवर आणि पलीकडे बांगलादेशात पद्मेवरच्या हार्डिंज पुलाशी दोन्ही देशांची संयुक्त पथके प्रवाह मोजतात. मध्ये महानंदा नदी येऊन मिळते, आणि आज सोडलेले पाणी आजच पुलाखाली पोहोचत नाही. त्यामुळे दोन्ही ठिकाणचे आकडे जुळत नाहीत आणि प्रामाणिक मोजणीलाही लबाडीचा वास येतो. प्रवाहाला लागणारा वेळ दोघांनी मिळून ठरवावा, रोजचे आकडे त्याच दिवशी जाहीर करावेत, आणि दोन्हीकडचे प्रवाहमापक एकाच प्रयोगशाळेत तपासावेत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ही सोय आहे. बांगलादेशी अभियंत्यांना समोर उभे करून तपासणी करा.

तरीही वाद उरलाच तर तो दोन्ही देशांची संयुक्त समिती, मग त्यांचाच संयुक्त नदी आयोग, मग पुन्हा दोन सरकारे असा फिरतो. निव्वळ आकड्यांच्या वादासाठी तटस्थ तज्ज्ञ नेमायला हरकत नसावी. बंगालच्या उपसागरातल्या दोन्ही देशांच्या सागरी सीमेच्या वादात २०१४ मध्ये लवादाने २५,६०२ पैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिले. आपण ते मानले आणि सागरी सीमेचा वाद मिटला.

सध्या संबंध ताणलेले आहेत, मग घाई कशाला, असे दिल्लीत म्हणणारे असतील. १९८८ ते १९९६ अशी आठ वर्षे करार नव्हता. तेव्हा पाणी आपणच ठरवून सोडत होतो आणि दोषही आपल्याच माथी येत होता. फेरआढाव्यात एकमत झाले नाही तरी बांगलादेशाच्या वाट्याचे किमान ९० टक्के पाणी सोडायचे, हे कलम करार चालू असेपर्यंतच लागू आहे. नवा मसुदा वेळेत होत नसेल तर डिसेंबरपूर्वी पत्रांची देवाणघेवाण करून जुने सूत्र आणि हे कलम दोन हंगाम चालू ठेवावे. पश्चिम बंगाल आणि बिहारला पहिल्याच बैठकीला बोलवा. २०११ मध्ये बांगलादेशाशी तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार ऐनवेळी अडला तो पश्चिम बंगालच्या विरोधामुळेच.

आपले,
पुण्यातील काही जलअभियंते