ओट्यावर रात्रभर, पण कुठल्या महिन्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिलमधल्या एका रविवारी आपल्या पुरवणीत सावरडोच्या ब्रेड बाऊलची कृती आली होती. आंबट पावाचा गोल वाडगा भाजायचा, आतून कोरायचा आणि त्यात गरम सूप वाढायचं. त्यात एक वाक्य होतं, 'मळलेलं पीठ झाकून रात्रभर ओट्यावर ठेवा.' त्या एका वाक्यापायी हे पत्र.

मी डोंबिवलीला राहते. त्या शनिवारी रात्री अकराला आमच्या स्वयंपाकघरात ३३ अंश होते. सकाळी साडेसहाला उठून बघते तर पीठ पातेल्याच्या काठावरून उतरून गॅसच्या शेगडीखाली गेलेलं, झाकणाची ताटली त्यावर तिरकी. हात घातला तर निव्वळ खळ, पतंग चिकटवावेत अशी. वास व्हिनेगरचा. दुपारी व्याही आणि विहीणबाई जेवायला यायचे होते, सुनेने आधीच 'आई सॅनफ्रान्सिस्कोसारखं करणार आहेत' असं सांगून ठेवलेलं. मी हट्टाने वर मैदा भुरभुरून गोळे वळले आणि भाजले. जाड थालीपिठाएवढे चपटे झाले. तरी कोरले, टोमॅटोचं सूप ओतलं. विहीणबाई दुसरा चमचा तोंडाशी नेतात तोवर सूप बुडातून ताटलीत आणि ताटलीतून टेबलक्लॉथवर. बाई सज्जन. "रंग सुरेख आलाय हो," म्हणाल्या. टेबलक्लॉथवर तो अजून आहे.

नाशिकला धाकट्या बहिणीला फोन केला. तिने डिसेंबरात असंच रात्रभर ओट्यावर ठेवून केलं होतं आणि वाडगे झकास उतरले होते. तिचंही पीठ तेवढंच, पाणी तेवढंच, फरक फक्त महिन्याचा.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, ताळा जुळेपर्यंत झोप येत नाही. महिनाभर वाचलं, सात वेळा पीठ मळलं, त्यातलं तीन वेळा टाकलं. सावरडोच्या आंबवणात, म्हणजे पीठ-पाण्याच्या जिवंत विरजणात, दोन प्रकारचे जीव एकत्र नांदतात : रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू. पाव फुगवतं मुख्यतः यीस्ट, आंबट करतात जीवाणू. या आंबवणातल्या यीस्टला २७ अंशांच्या आसपास सगळ्यात मानवतं, जीवाणूंना ३२-३३. म्हणजे आमच्या एप्रिलच्या ओट्यावर जीवाणूंची जत्रा आणि यीस्ट घामाघूम. आम्ल वाढत जातं, पिठातलं ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचं, जाळं तुटतं आणि पहाटेपर्यंत त्याची खळ होते. ज्या गावात स्वयंपाकघर रात्री १८-२० अंशांवर असतं तिथे हेच काम सावकाश होतं आणि रात्र पुरते. आपली कृती मुळात अशाच एखाद्या गावातून आली असणार.

ते गाव, म्हणजे सॅनफ्रान्सिस्को, मी पाहिलं आहे. २०१८ साली लेकाकडे गेलो तेव्हा त्याने फिशरमन्स व्हार्फवर नेलं होतं. जून महिना, आणि मी स्वेटर घालून. तिथली बूदाँ बेकरी १८४९ पासूनची. काचेपलीकडे बेकर पिठाच्या मगरी आणि कासवं वळत होते, लहान मुलांइतकेच आमचे हेही काचेला नाक लावून उभे. १९०६ च्या भूकंपात बेकरीच्या मालकीणबाईंनी आंबवण बादलीत घालून वाचवलं, तेच आजवर चालत आलं आहे, असं ते लोक अभिमानाने सांगतात. पावाच्या वाडग्यात क्लॅम चाउडर मिळालं. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे चुलतभाऊ, सोबत बटाटा आणि दाट दुधाळ रस्सा. मी रत्नागिरीची, मला ते घरचंच वाटलं. खोबरं आणि कोकम मात्र हवं होतं. ह्यांनी बुडाचा भिजलेला पाव खाऊन निकाल दिला, "हे तर भाकरीवर पिठलं." शेतावर ताट नसतं तेव्हा भाकरीच ताट होते, तसंच. सावरडोला ते अजून सावर्डेच म्हणतात. चिपळूणच्या अलीकडचं की पलीकडचं, एवढाच त्यांचा प्रश्न.

आपल्या लेखात असंही होतं की पाव आंबट करणारा हा जीवाणू फक्त सॅनफ्रान्सिस्कोच्या धुक्यात जगतो, म्हणून खरी चव तिथलीच. त्या गावाचं नाव जीवाणूला मिळालं हे खरं. १९७१ साली कॅलिफोर्नियातल्याच सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिथल्या पावातून तो वेगळा काढला. पण पुढे तोच जीवाणू युरोपातल्या आंबवणांतही सापडला. धुक्याची मक्तेदारी नाही. तिथल्या बेकरला थंड हवा फुकट मिळते, आम्हाला ती फ्रिजमधून विकत घ्यावी लागते, एवढंच.

खरं म्हणजे हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझी आई आंबोळ्यांचं पीठ मे महिन्यात निजायच्या आधी अगदी उशिरा वाटायची आणि भांडं पाण्याच्या परातीत ठेवायची. थंडीत तेच पीठ संध्याकाळी वाटून गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला. तिला कोणी विचारलं की पीठ किती तास ठेवू, तर ती आधी विचारायची, "कधी करत्येस?" गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववालेही, पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवत. सूर त्या हवेत काही तासांतच फसफसते, तेव्हा बारा तासांची भाषा तिथे कोणी केली नसेल. आणि मी, आईची लेक, छापलेलं वाचून 'रात्रभर' ठेवून मोकळी झाले.

आता डोंबिवलीच्या मे महिन्याची कृती. चार वाडग्यांना मैदा ५०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, फ्रिजमधलं गार पाणी ३८० ग्रॅम, मीठ १२ ग्रॅम, फुललेलं आंबवण ६० ग्रॅम. आपल्या कृतीत पाणी मैद्याच्या पाऊणपट होतं. परदेशातलं ब्रेडचं पीठ जास्त प्रथिनांचं, ते एवढं पाणी धरतं. आपला साधा मैदा धरत नाही. शिवाय वाडग्याला मोठमोठी जाळी नकोच आहे, सूप त्याच भोकांतून पळतं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल असावं, बस्स. आंबवणाला आदल्या रात्री खायला घालायचं, एक भाग आंबवणास पाच भाग मैदा आणि पाच भाग पाणी, तेही गार. एकास एक दिलं तर या दिवसांत तीन तासांत फुगून उतरतं आणि सकाळी हाती आंबट पाणी येतं.

पीठ मळून सरळ कडांच्या डब्यात ठेवायचं आणि डब्याला पिठाच्या उंचीवर खुणेचा रबरबँड लावायचा. दीडपट झालं की थांबायचं, दुप्पट होऊ द्यायचं नाही. मला हल्ली साडेतीन ते चार तास लागतात. मग चार गोळे, प्रत्येकी २६० ग्रॅमच्या आसपास, घट्ट ओढून वळलेले. वाट्यांत मैदा भुरभुरलेलं फडकं घालून त्यात ठेवायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये. ओट्यावर नव्हे, हे पुन्हा लिहिते.

भाजायला माझा २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन. २३० अंशांवर अर्धा तास रिकामा तापवायचा. वर ब्लेडने एक चीर द्यायची, गोळ्यावर स्टीलचं पातेलं उपडं घालायचं म्हणजे त्याचीच वाफ त्याला मिळते. माझ्याकडे एका वेळी दोनच मावतात. वीस मिनिटांनी पातेलं काढून २०० अंशांवर आणखी वीस-पंचवीस मिनिटं. बुडाला टिचकी मारल्यावर नारळासारखा पोकळ आवाज यायला हवा. त्यानंतर दोन तास हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड, कारण घरभर वास सुटलेला असतो आणि आमचे हे सुरी घेऊन ओट्याशी घुटमळत असतात.

टोपी कापताना सुरी तिरकी धरायची. आतलं कोरताना भिंतीला दीड-दोन सेंटिमीटर जाडी ठेवायची आणि बुडाला हात आवरायचा. आतून तुपाचं बोट फिरवून कोरलेला वाडगा पुन्हा दहा मिनिटं ओटीजीत. ही पायरी आपल्या कृतीत नव्हती. सूप दाट हवं आणि लोक पानावर बसल्यावरच ओतायचं. लाल भोपळ्याचं उत्तम राहतं. तिसऱ्यांचंही केलं, अर्ध्या शहाळ्याची मलई वाटून घातली. ते चाउडर नव्हतं, पण वाडगा चाटूनपुसून संपला, तो तर चावूनच संपवायचा असतो. आतून निघालेल्या लुसलुशीत पावाचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा पाव करते. आमच्या घरात खरी मागणी त्यालाच आहे.

आणखी एक, आणि ते गमतीचं नाही. लेखाच्या चौकटीत सावरडो 'ग्लुटेनमुक्त' असल्याचं छापलं होतं. गव्हाच्या पिठाचा सावरडो ग्लुटेनमुक्त नसतो. आंबवल्याने थोडं ग्लुटेन मोडतं, सगळं जात नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की आतड्यांना इजा होणारा आजार, आणि तिच्या आजीने तो अंक हातात घेऊन माझ्याकडे हौसेने वाडगा मागितला होता. मी दिला नाही. त्या आजींनी माझ्याऐवजी एखाद्या दुकानात विचारलं असतं तर?

तेव्हा चौकटीचा खुलासा ठळक छापावा. आणि पुढच्या वेळी आंबवायची कुठलीही कृती देताना कपांऐवजी ग्रॅम द्या, तासांशेजारी खोलीचं तापमान द्या. माझे आकडे छापायचे असतील तर तेही वापरा, मात्र मे संपायच्या आत. पाऊस लागला की मला ते पुन्हा काढावे लागतील.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)