आखाजीला माझे येणे होणार नाही

तीर्थरूप नाना आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगितली असती तर आई गप्प झाली असती आणि नानांनी फोन हातात घेऊन "बरं, बघू" म्हणत तो ठेवून दिला असता, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. सांगायचे ते आधीच सांगून टाकते. या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझे येणे होणार नाही. त्याच चार दिवसांत आमच्या गाईड पथकाच्या संघनायिकांचे शिबिर तोरणमाळला ठरले आहे, आणि पथकाची कॅप्टन म्हणून मला तिथे असणे भाग आहे. हे आणि चिरंजीव मात्र आदल्या दिवशी नंदुरबारहून निघून अमळनेरला उतरतील. नाना आबांच्या नावाची घागर भरायला बसतील तेव्हा जावई आणि नातू घरातच असतील. माझी जागा तेवढी रिकामी राहील, आणि ती कशानेही भरून निघणार नाही हे मला कळते.

आई, तू काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. "आखाजी काय रोज रोज येस?" असे तू विचारशील, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लग्नाला बारा वर्षे झाली, तरी एकही आखाजी मी चुकवली नव्हती. चिरंजीव चाळीस दिवसांचे असताना सासूबाईंनी नको म्हटले होते, तरीसुद्धा मी आले होते. त्यामुळे हा निर्णय मी सहज घेतला आहे असे कृपया समजू नका.

खरे तर तारीख मी ठरवलेली नाही. ती मुलींनी ठरवली, आणि ते कसे घडले हे सविस्तर सांगितल्याशिवाय माझे मन हलके होणार नाही. गाईडमध्ये सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो. शाळेत आम्ही त्याला पेट्रोलच म्हणतो. प्रत्येक संघाला त्यांच्यातलीच एक नायिका आणि एक उपनायिका असते. बाकीच्या मुलींकडेही कामे वाटून दिलेली असतात. एक मुलगी दोर, काठ्या आणि तंबूच्या खुंट्या सांभाळते, एक प्रथमोपचाराची पेटी, एक वर्गणीचा हिशेब आणि एक वही. या सगळ्या नायिका एकत्र बसून पथकाचे निर्णय घेतात त्या बैठकीला मानसभा म्हणतात. तिथे कॅप्टनने सल्ला द्यायचा असतो, मत द्यायचे नसते. फारच धोक्याचे काही ठरत असेल तर नकाराचा अधिकार तिच्याकडे असतो, परंतु तो जितका कमी वापरावा तितका चांगला.

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर आमची मानसभा प्रयोगशाळेत भरली होती. मेच्या उत्तरार्धात पावरा या आदिवासी समाजातल्या मुलींच्या घरी लग्ने आहेत, त्यानंतर पेरणीपूर्व कामे लागतील, म्हणून त्यांनी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातले चार दिवस सुचवले. त्या मुलींचा मोठा सण होळी. आखाजीचे त्यांना तेवढे नाही. शहाद्याच्या दोघींनी थोडी कुरकुर केली, मग त्याही तयार झाल्या. वही लिहिणारी मुलगी तारीख लिहिता लिहिता थांबली आणि मान वर करून मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काही अडचण आहे का?" माझ्या हातात खडू होता. मी तो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि काही अडचण नाही असे सांगितले. आई, मला अडचण होती. पण ती माझी होती, पथकाची नव्हती.

त्या वेळी मी तोंड का उघडले नाही, यामागे एक जुनी चूक आहे. ती मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मुलींनी 'खरी कमाई'त, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमात, लिंबू सरबताचा आणि भेळेचा स्टॉल लावून 2,340 रुपये मिळवले होते आणि त्या पैशांतून नवा दोर आणि ताडपत्री घ्यायची असे मानसभेत ठरवले होते. त्याच सुमारास शाळेत पाहुणे येणार होते. वरून सूचना आली आणि मी मुलींना न विचारता ते पैसे स्वागताच्या सजावटीला देऊन टाकले. मुली काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. पुढे कितीतरी महिने त्या प्रत्येक बारीकसारीक गोष्ट मला विचारू लागल्या. मॅडम, गाठ सोडू का, मॅडम, पाणी प्यायला जाऊ का, मॅडम, रांग इकडे की तिकडे. ज्या मुली आपल्या संघाचा स्वयंपाक स्वतः आखत होत्या, त्या मीठ किती घालायचे तेही विचारायला येऊ लागल्या. ही घडी पुन्हा बसवायला मला पुरते वर्ष लागले, आणि आता माझ्या आखाजीसाठी ती मोडावी असे मला वाटले नाही.

नाना, तुम्ही मागे म्हणाला होता की तेरा-चौदा वर्षांच्या पोरींच्या हाती निर्णय देणे म्हणजे घर भाड्याने देऊन किल्ली रस्त्यावर टाकणे. मी तेव्हा हसले होते, आज थोडे उत्तर देते, रागावू नका. 1907 साली स्काऊट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन पहिले शिबिर भरवले, तेव्हाच त्यांचे चार संघ पाडून प्रत्येक संघावर त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा नायक नेमला होता. नायकपद ही नंतर सुचलेली हौस नव्हे, सगळी पद्धतच त्यावर उभी आहे. मुलींना तर कोणी बोलावलेही नव्हते. 1909 साली लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या स्काऊट मेळाव्याला काही मुली आपणहून येऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी गाईड चळवळ सुरू झाली. हे वाचून आई नक्की म्हणेल की बेबीला अशाच पोरी आवडणार. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? दर ऑगस्टमध्ये आम्हा भावंडांना ओट्यावर बसवून नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट कोण सांगत होते? 9 सप्टेंबर 1942 ला हातात तिरंगा घेऊन तो गोळीबारापुढे उभा राहिला तेव्हा त्याला सोळावेही पूर्ण झाले नव्हते. माझ्या मुलींवर तसला प्रसंग कधी न येवो. त्यांनी आपापल्या संघातल्या सात जणींना नीट जेवू घालावे आणि नीट घरी आणावे, एवढेच माझे मागणे आहे.

हे "नीट घरी आणणे" मी कुठे शिकले ते तुम्हाला माहीत आहे. पद्मालयाची ती सहल आपल्या घरात कोणी बोलून दाखवत नाही, परंतु शिबिराची तयारी सुरू झाली की मला दर वेळी तेच तळे दिसते. आठवीत होते, नुकतीच संघनायिका झाले होते, गळ्यातल्या शिट्टीचा फार तोरा होता. निघताना मी डोकी मोजली, आठ भरली आणि गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर कळले की स्वतःला दोनदा मोजले होते, आणि सर्वांत लहान मुलगी मंदिराच्या मागच्या ओसरीवर दप्तर उशाशी घेऊन झोपून राहिली होती. ती सापडली, काही झाले नाही, बाईंनीही फार बोल लावला नाही. घरी मात्र मी जेवले नाही. नाना, तुम्ही कंदील जवळ ओढला, माझ्या वहीतून एक पान फाडले आणि माझ्याकडून त्या आठही जणींची नावे लिहून घेतली. आकडा विसरायचा आणि नाव घ्यायचे, असे तुम्ही म्हणालात, आणि नंतर माझ्या ताटातली थंड भाकरी दुधात कुस्करून मला भरवलीत. आठवीतल्या घोडीला! आई दारात उभी राहून पदराआड हसत होती, ते मला दिसले होते.

आजही माझ्या पथकात हजेरी आकड्यांनी होत नाही. उजाडताना, जेवणानंतर आणि शेकोटी विझल्यावर प्रत्येक नायिका आपल्या संघातल्या मुलींची नावे घेते, प्रत्येकीचा आवाज ऐकते आणि मगच मला येऊन सांगते. या शिबिरात त्यांना मुख्यतः हेच शिकायचे आहे. हुकूम सोडणे कुणालाही येते. पाय दुखत असूनही न सांगणारी मुलगी ओळखणे, घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीला इतरांसमोर न विचारणे, सर्वांत जड पिशवी आपण उचलणे आणि स्वतः शेवटी जेवणे, हे शिकवावे लागते, आणि वर्गात फळ्यावर लिहून ते शिकवता येत नाही. यंदाची आमची एक नायिका मी नेमलेलीच नाही. वर्गात पहिली येणाऱ्या, खणखणीत बोलणाऱ्या मुलीचे नाव माझ्या मनात होते. तिच्याच संघातल्या मुलींनी येऊन सांगितले की आम्हाला ती दुसरी हवी. ती दुसरी म्हणजे आश्रमशाळेतून आलेली, मराठी बोलताना अजून अडखळणारी मुलगी. मी कारण विचारले तर म्हणाल्या, "ती पाणी आधी आम्हाला देते." यावर मी काय बोलणार?

आता तुमच्या काळजीचे. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, तिकडे रात्री पांघरूण लागते, त्यामुळे मला ऊन लागेल ही चिंता करू नका. ऊन तुम्हालाच लागणार आहे. यशवंत तलावाच्या पाण्यात कोणीही उतरणार नाही, तसा नियम मुलींनी स्वतः केला आहे. घाटाच्या वळणांची आईला भीती वाटेल म्हणून सांगते, आम्ही दिवसाउजेडी जाणार आणि दिवसाउजेडीच उतरणार. सोबत दुसऱ्या मॅडम आहेत, पण त्यांचे प्रशिक्षण अजून व्हायचे आहे, म्हणून मला त्यांच्यावर सगळे टाकून येता येत नाही. येता आले असते तर आले असते, हे खरे माना.

शिबिर आटोपले की शहाद्याहून मी घरी न जाता सरळ तुमच्याकडे येणार आहे आणि चांगले आठ दिवस राहणार आहे. नाना, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्या आठ दिवसांतलीच घ्या. डॉक्टरांशी मी बोलले आहे. तोपर्यंत पहिल्या डोळ्यात थेंब दिवसातून जितक्या वेळा सांगितले आहेत तितक्या वेळा घालायचे, आणि ते आईने घालायचे. तुम्ही स्वतः घालता तेव्हा ते गालावर पडतात हे मी पाहिले आहे. अकरानंतर शेतात जायचे नाही. केळीला पाणी द्यायला माणूस आहे, त्याच्यामागे बांधावर उभे राहिल्याने मोटार जास्त पाणी ओढत नाही. आमरस घ्या, मी नाही म्हणत नाही, पण एक वाटी, आणि त्यात साखर नको. कूलरचे ताटवे मी यांच्याबरोबर नवीन पाठवत आहे, जुने फेकून द्या, माळ्यावर ठेवू नका.

आई, तू खापरावर मांडे करायला एकटी बसू नकोस. शेजारच्या काकूंना हाक मार, त्या येतो म्हणाल्या आहेत. बिबड्यांचे पीठ यंदा निम्मेच कर. गौराई बोळवायला नदीवर जाशील तेव्हा पायऱ्यांवर वहिनीचा हात धर, यात कमीपणा काही नाही. माझ्या वाटच्या चार सांजोऱ्या डब्यात ठेव. निंबाचा झोका मात्र मी येईपर्यंत सोडू देऊ नकोस.

जाता जाता एक. चिरंजीव कब पथकात, म्हणजे लहान मुलांच्या स्काऊट पथकात, यंदा षटकनायक (सहा जणांच्या गटाचे नायक) झाले आहेत आणि घरात कोणालाही चैन पडू देत नाहीत. तुमच्याकडे आल्यावर रोज सकाळी ओट्यावर ते सगळ्यांची हजेरी घेणार आहेत, आणि ती नावाने घ्यायची असते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. परवा त्यांनी मला विचारले, "आई, आजीचे नाव काय?" मी सांगितले. तेव्हा आई, तो तुला नावाने हाक मारील, अगदी खणखणीत. रागावू नकोस, "हजर" म्हण.

तुमची,
बेबी