कार्डाला पत्राचा दर कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी मी एका जुन्या सहकारी बाईंना वाढदिवसाचे कार्ड पाठवले आणि त्याचा दंड त्यांनी भरला. कार्ड जाडसर होते, वर कापडाचे फूल चिकटवलेले. मी सवयीने नेहमीएवढी तिकिटे लावली आणि पाकीट पेटीत टाकले. मधल्या काळात दर वाढले होते, त्यात फुलाचेही वजन झाले, आणि पाकीट ‘नॉटपेड’ ठरले. पोस्टमनने दारात पैसे मागितले. बाईंनी ते दिले, संध्याकाळी मला फोन करून कार्डाचे तोंडभर कौतुक केले आणि पैशांबद्दल अवाक्षर काढले नाही. तीन महिन्यांनी त्यांच्या मुलीच्या बोलण्यातून मला ते कळले. शुभेच्छा पाठवाव्यात मी आणि भुर्दंड पडावा त्यांना! फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

चूक माझीच होती, हे आधी मान्य करते. पण त्यानंतर मी प्रत्येक पाकीट खिडकीवर नेऊन वजन करून घेऊ लागले आणि तेव्हा कुठे टपालखर्चाचा आकडा नीट डोळ्यांसमोर आला. साध्या कार्डाला जेवढे पैसे मोजले त्याहून जास्त तिकिटाला. म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

माझ्याकडे पत्त्यांची एक वही आहे. नवीन वर्षाच्या कार्डांसाठी मी त्यात नावांपुढे बारीक टिंबे करत आले. एके काळी त्रेचाळीस टिंबे होती, गेल्या खेपेला एकवीस. काही माणसे गेली, काहींचे पत्ते बदलले, हे ओघाने आलेच. पण मागच्या दोन-तीन वर्षांत मी जी नावे गाळली ती निव्वळ हिशेबापोटी. आणि गाळताना हात कोणाच्या नावावर गेला? बहिणीच्या नाही, मैत्रिणीच्या नाही. जुन्या घरमालकीणबाई, मुलाचे पहिलीतले शिक्षक, एकदा प्रवासात भेटलेले आणि मग वीस वर्षे कार्डांपुरते उरलेले एक जोडपे. जवळच्यांशी फोनवर बोलणे होतेच. या लांबच्या माणसांना मात्र उगाच फोन कसा करणार? ‘काय हो, आज अचानक?’ असे होते. वर्षाकाठी एक कार्ड, त्यात दोन ओळी, एवढ्या धाग्यावर ते नाते टिकलेले असते. दरवाढीची कात्री नेमकी त्याच धाग्यावर चालते.

सगळे खापर दरांवर फोडणे खोटेपणाचे होईल. कार्डे कमी झाली ती आधी आपल्या आळसाने. मी स्वतः काही वर्षे फोनवरून फुलांची तीच ती चित्रे पुढे ढकलत होते, तेव्हा तिकिटे स्वस्तच होती. दुसरे म्हणजे टपाल खात्यांचीही अडचण खरी आहे. पोस्टमनच्या पिशवीत दहा पत्रे असोत की शंभर, त्याला त्याच गल्ल्या फिराव्या लागतात. पत्रे घटली की फेरीचा तोच खर्च थोड्या पत्रांवर पडतो, म्हणून दर वाढतात. दर वाढले की माझ्यासारखी आणखी कोणी वही उघडून नावे गाळते. मग पिशवी आणखी हलकी.

हे कुठवर जाऊ शकते ते डेन्मार्कमध्ये दिसले. तिथे २००० साली वर्षाला सुमारे १४० कोटी पत्रे जात, २०२४ मध्ये ती ११ कोटींवर आली. २०२५ च्या डिसेंबरअखेर तिथल्या सरकारी टपाल कंपनीने पत्रे वाटणे बंदच केले, चारशे वर्षांची सेवा संपली. पत्रे आता तिथे खासगी कंपनी पोहोचवते. रस्त्यांवरच्या दीड हजार लाल पेट्या काढल्या आणि त्यांतल्या काही विकायला ठेवल्या, तर त्या घ्यायला लोकांची झुंबड उडाली. पेटीत पत्र टाकायला कोणी नाही, पण अंगणात ठेवायला पेटी मात्र सगळ्यांना हवी. हसावे की रडावे?

इतरत्रही चित्र फार वेगळे नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्गाचे तिकीट २०२० मध्ये ७६ पेन्सला होते, २०२५ मध्ये ते १७० पेन्स झाले. पाच वर्षांत दुपटीहून अधिक. आणि हा तोच देश, जिथे स्वस्त टपालाची कल्पना जन्मली.

त्याआधी तिथे पत्राचे पैसे बहुधा घेणारा देत असे. दर ठरे तो अंतरावर आणि कागद किती यावर. एका कागदात भागावे म्हणून लोक पान भरल्यावर ते आडवे धरून त्याच मजकुरावर पुन्हा लिहीत. टपालसुधारक रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये हिशेब मांडून दाखवले, की पत्र गाडीने लांब नेण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो, खरा खर्च होतो तो त्याची नोंद ठेवण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात. म्हणून त्यांनी सुचवले, की पाठवणाऱ्याने आधीच पैसे भरावेत, अंतर कितीही असो, दर एकच असावा आणि तो इतका कमी असावा की गरिबालाही लिहिता यावे. १८४० मध्ये एक पेनीचा दर आला, त्याच वर्षी मे महिन्यात जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीटही. १८३९ मध्ये पत्रे होती साडेसात कोटींच्या आसपास, १८४० मध्ये ती जवळपास सतरा कोटी झाली. टपालाचे उत्पन्न मात्र लगेच भरून आले नाही, त्याला बरीच वर्षे लागली, हेही सांगायला हवे. तरी सरकारने दर मागे घेतला नाही.

१८४३ मध्ये हेन्री कोल यांनी नाताळाचे पहिले छापील कार्ड विक्रीला काढले. कोल हे पेनी टपालाच्या कामात हिल यांच्याबरोबर होते. त्या कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, आणि ते पाठवायला एक पेनी. बारा हिस्से कार्डाचे, एक हिस्सा टपालाचा. आजचे माझे खिडकीवरचे गणित याच्याशेजारी मांडून पाहावे.

उघड्या पोस्टकार्डाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. हाइनरिश फॉन श्टेफान या जर्मन टपाल अधिकाऱ्याने १८६५ मध्ये सुचवले होते, की दोन ओळींच्या निरोपासाठी पाकीट, घडी, पत्राचा मायना हा सगळा सोपस्कार कशाला, एक जाड उघडा कागद पुरे. तेव्हा ते कोणी मनावर घेतले नाही. पुढे एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ऑस्ट्रियात तेच मांडले आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिले पोस्टकार्ड निघाले. पत्राला पाच क्रॉयत्सर (तिथले छोटे नाणे), कार्डाला दोन. थोडे लिहिणाऱ्याने थोडे पैसे द्यावेत, इतका सरळ विचार त्यामागे होता. श्टेफान यांनी १८७० मध्ये जर्मनीतही कार्ड सुरू केले, आणि १८७४ मध्ये बर्न येथे निरनिराळ्या देशांच्या टपालाला एका करारात बांधण्यात पुढाकार घेतला तोही त्यांनीच.

त्याच जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून पोस्टकार्ड आणि साधे पत्र यांचा दर एकच झाला आहे, ९५ सेंट. आदल्या दिवसापर्यंत कार्ड ७० सेंटला जात होते, पत्र ८५ ला. पत्र दहा सेंटनी महागले, कार्ड पंचवीस. ज्याने थोडेच लिहायचे त्याच्यावर वाढ जास्त! दीडशे वर्षे जपलेला फरक एका दरपत्रकाने पुसला. अमेरिकेने निदान तो ठेवला आहे. २०२५ च्या जुलैत तिथे पत्राचा दर ७८ सेंट झाला आणि पोस्टकार्डाचा ६१. पण पाकीट चौकोनी असेल तर तिथेही जादा आकार पडतो, कारण पत्रांची वर्गवारी करणाऱ्या यंत्राला लांबी-रुंदी सारखी असलेले पाकीट नीट हाताळता येत नाही. कार्डे विकणाऱ्यांनी हे पाकिटावर छापायला काय हरकत आहे? माझ्या त्या कापडी फुलाबद्दलही दुकानात कोणी सांगितले असते, तर पुढचे सगळे टळले असते.

माझी मागणी मोठी नाही. बंद पाकिटातले शुभेच्छापत्र टपालाच्या लेखी पत्रच असते आणि त्याला पत्राचा पूर्ण दर पडतो. चार पानी अर्ज आणि दोन ओळींच्या शुभेच्छा एकाच तागडीत. त्याऐवजी वर्षातले काही आठवडे तरी कार्डांसाठी वेगळे, स्वस्त तिकीट असावे. हे हवेतले बोलणे नाही. नेदरलँड्समध्ये कार्डांसाठी खास डिसेंबरची सवलतीची तिकिटे निघत आली आहेत, आणि फिनलंडमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत टाकलेली नाताळची कार्डे कमी दरात जातात. यात टपालाचाही फायदा आहे. कार्डांना घाई नसते, आठवडा लागला तरी कोणाची तक्रार नसते. पोस्टमन ज्या दारात पार्सल घेऊन जातोच, तिथे कार्डही त्याच फेरीत पोहोचते. माझ्या मते दर वाढवून हरवलेले गिऱ्हाईक परत येत नाही, ते आणायचे तर एखादा दर उतरवूनच पाहावा लागेल.

दरांइतकीच दुसरी एक अडचण हल्ली जाणवते, ती पत्त्याची. नव्या ओळखीच्या कोणाला पत्ता विचारला की ‘कशाला?’ असा प्रश्न येतो, किंवा फोनवर नकाशातली लाल खूण येऊन पडते. ती पाकिटावर कशी लिहायची? भाचीला विचारले तर तिला स्वतःच्या घराचा पिनकोड आईकडून विचारून घ्यावा लागला. यावर टपाल खाते तरी काय करणार म्हणा.

परवा पुन्हा वही काढली. सहकारी बाईंच्या नावापुढचे टिंब कायम आहे. घरमालकीणबाईंचे पुसलेले टिंबही परत केले, बावीस झाली. बाईंचे कार्ड या वेळी अगदी साधे, पातळ घेतले, खिडकीवर तोलून घेतले आणि तरी वर दोन तिकिटे जास्तच लावली.

आपली,
एक वाचक