बंदीच्या दिवसांत विकलेली ट्राउटची सहल : पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग,
पुणे कार्यालय

सोलापूर, १८ नोव्हेंबर २०२४

विषय : मासेमारीला बंदी असलेल्या काळात मासेमारीची सहल विकल्याबाबत तक्रार.

महोदय,

तुमच्या माहितीपत्रकावर भरवसा ठेवून मी ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्याची सहल नोंदवली. मी आणि माझा अकरा वर्षांचा नातू, दोघांचे मिळून ६४,००० रुपये, सगळे आगाऊ भरले. 'जंगलातल्या लॉजवर मुक्काम, गाईडसोबत चार दिवस सॅल्मन व ट्राउटची मासेमारी' असं पत्रकात छापलेलं आहे. तारखा तुमच्याच ऑफिसनं सुचवल्या, ६ ते १० नोव्हेंबर. पोराची दिवाळीची सुटी आहे म्हणून मीही लगेच हो म्हटलं.

त्या चार दिवसांत आम्ही नदीत एकदाही गळ टाकला नाही. टाकता येणारच नव्हता. हिमाचलच्या नद्यांमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट पकडायला सरकारची बंदी असते. ही काही यंदा अचानक आलेली बंदी नाही, दर वर्षीची आहे. तुम्हाला ती माहीत नव्हती असं म्हणावं, तर मासेमारीच्या सहली तुम्ही कशाच्या जोरावर विकता? आणि माहीत असून विकली असेल, तर ती फसवणूक आहे.

आम्हाला हे कसं कळलं तेही सांगतो. भाऊबीज करून ४ तारखेला आम्ही कर्नाटक एक्स्प्रेसनं निघालो. बरोबर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि नातवानं स्वतः तंगुसाला गाठी मारून बांधलेले सहा गळ होते. दिल्लीहून रात्रभर बसनं औटला आणि तिथून जीपनं बंजारमार्गे गुशैणीच्या पुढे. लॉजच्या अलीकडे पुलाजवळ मत्स्य विभागाचा फलक लावलेला आहे. नातू शाळेत शिकलेलं हिंदी मोठ्यानं वाचत होता. तारखा वाचल्या आणि तो थांबला. "आजोबा, आज सहा तारीख आहे ना?" असं त्यानं विचारलं. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

गळाचा नाद मला वडिलांपासून लागला. ते जुन्या मिलमध्ये होते. पाळी सुटली की सायकलवर पुढे बसवून मला हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे. कणकेचा गोळा कसा मळायचा, गळाच्या दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तरंग बुडाला तरी हिसका कधी द्यायचा नाही, हे सगळं मी तिथं शिकलो. पावसाळ्याच्या तोंडाला मासा गाभोळीला आला की वडील गळ खुंटीला टांगून ठेवायचे, पोटुशीला हात लावायचा नाही म्हणायचे. त्यामुळे बंदी असते याचा मला राग नाही. तिकडची बंदीही त्याच कारणासाठी आहे. आपल्याकडचे मासे पावसात अंडी घालतात आणि तिथला ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडाला, एवढाच फरक. हा मासा मूळचा तिथला नाही, इंग्रजांनी १९०९ मध्ये कुलू भागात आणून सोडला. पण आता शंभरावर वर्षं तो तिथंच वाढतो आहे.

आता सहलीत काय झालं ते. पहिल्या दिवशी तुमचा सहल-व्यवस्थापक म्हणाला, "काका, दमला असाल, आज आराम करा." दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला एका ट्राउट फार्मवर नेलं. सिमेंटच्या लांबट हौदांत दाण्यावर वाढवलेले रेनबो ट्राउट होते. नातवानं गळ सोडला आणि वीस आकडे मोजायच्या आत मासा लागला. पोरानं तो वर काढला, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्यांदा गळ टाकायला नको म्हणाला. फार्मवाल्यांचा यात काही दोष नाही, त्यांचा तो धंदा आहे. पण हौदातला मासा म्हणजे नदीतली मासेमारी नव्हे, आणि त्यासाठी सोलापूरहून दोन दिवस प्रवास करून कुणी जात नाही.

तिसऱ्या दिवशी जे झालं त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. रात्री जेवण झाल्यावर तुमचा माणूस जवळ येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, पहाटे पाचला तयार राहा. वरच्या अंगाला नेतो. कुणी फिरकत नाही तिकडे. दोन तासांत चार मासे घेऊन परत." नातू शेजारीच होता. त्याच्यादेखत मला चोरी करायला सांगितलं! मी नाही म्हटल्यावर, "सगळेच करतात" हेही ऐकवलं. लॉजवरचा स्थानिक गाईड, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, यायला तयार नव्हता, तर त्याला आमच्यासमोर दम दिला. तो मुलगा खरा माणूस आहे. या पत्रामुळे त्याच्या पोटावर पाय आला तर ते मला सहन होणार नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

त्याच मुलानं सकाळी आम्हाला नदीकाठी नेलं, गळ न घेता. एका उथळ जागी पाण्यात हातभर लांबीची मादी दाखवली. ती कुशीवर व्हायची आणि शेपटीनं तळाचे खडे झोडपायची. भोवतीचे गोटे शेवाळानं काळपट आणि ती झोडपत होती तेवढा तुकडा परातीसारखा पांढरट निघालेला. त्या खड्ड्यात अंडी घालून ती वरून खडे लोटते, पुढे थंडीभर ती अंडी तिथंच असतात. पाण्यात नुसतं चालत गेलं तरी पायाखाली चिरडतात, असं गाईड म्हणाला. माझा नातू अर्धा तास हालला नाही. तुमचा माणूस त्या पहाटे आम्हाला नेमकी हीच मादी मारायला नेणार होता.

सॅल्मनबद्दलही लिहितो. नोंदणीच्या वेळी मी फोनवर मुद्दाम विचारलं होतं, तेव्हा "सगळं मिळतं सर" असं उत्तर मिळालं. तिथं गेल्यावर तुमचा माणूस म्हणतो, रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतातच की! रावस समुद्रातला मासा, तो हिमालयात कुठून येणार? नावापुरतं सॅल्मन म्हणत असले तरी तो त्या कुळातला नाही. खरा सॅल्मन उत्तरेकडच्या थंड समुद्रांतून अंडी घालायला तिकडच्याच नद्यांमध्ये चढतो. तीर्थनचं पाणी बियास नदीला मिळतं, तिथं सॅल्मन नाही. पत्रकातला तो शब्द निव्वळ खोटा आहे.

माझे ६४,००० रुपये पूर्ण परत करा. मुक्काम झाला, जेवण झालं म्हणून कापून घेऊ नका. नुसतं राहायला जायचं असतं तर मी तुमची सहल घेतली नसती. पत्रकातून सॅल्मन काढा, आणि मार्च ते ऑक्टोबर सोडून मासेमारीची एकही तारीख विकू नका. मत्स्य विभागाचा परवाना लागतो हेही ग्राहकाला आधी सांगा. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या व्यवस्थापकाबद्दल काय केलं ते मला लेखी कळवा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथं राहतो तिथं ती करता येते, त्यामुळे मला पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)

सोबत : पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाची प्रत, पुलाजवळच्या फलकाचा ६ नोव्हेंबरला काढलेला फोटो.